बंदुकीची स्प्रिंग आणि कायद्याची नजर

१ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधील शातोरू येथील नेमबाजी केंद्रावर राधानगरी तालुक्यातील कांबळवाडी या खेड्यातला स्वप्नील कुसाळे हा तरुण ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत ऑलिंपिकच्या कांस्यपदकाचा मानकरी ठरला. शिक्षकाचा मुलगा, मध्य रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी, आणि हेलसिंकी येथे १९५२ साली खाशाबा जाधवांनी मिळविलेल्या पदकानंतर तब्बल बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक! साहजिकच मिरवणुका निघाल्या, बक्षिसे जाहीर झाली आणि गावोगावच्या शाळांतून नेमबाजीविषयी कुतूहल जागे झाले. त्याआधी तेजस्विनी सावंत हिने २०१० मध्ये म्यूनिक येथे जागतिक विजेतेपद मिळविले होते, तर राही सरनोबत हिने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले होते. या दोघीही कोल्हापूरच्याच. एका जिल्ह्याने एखाद्या खेळाला इतके द्यावे, ही गोष्ट सामान्य नव्हे.

परंतु या कौतुकाच्या गजरात एक साधी बाब विसरली जाते. मल्लाला आखाडा आणि खुराक पुरतो. धावपटूला बुटांची जोडी पुरते. नेमबाजाचे साधन मात्र एक यंत्र असते, आणि कोणत्याही यंत्राप्रमाणे तेही झिजते. हजारो गोळ्या झाडल्यानंतर स्प्रिंग ढिली पडते, फायरिंग पिनचे टोक बोथट होते, चापाची जुळणी बिघडते, नळीची अचूकता कमी होते. मिलिमीटरच्या अंशांवर जेथे पदक ठरते, तेथे ढिली स्प्रिंग म्हणजे वाया गेलेला हंगाम. आता समजा, कोल्हापूरच्या दुधाळी येथील केंद्रावर सराव करणाऱ्या एखाद्या मुलीच्या रायफलीची पिन मोडली. तिला नवी पिन कोठून, कशी आणि किती दिवसांत मिळेल? शिवणयंत्राची सुई मोडली तर ती शेजारच्या दुकानात मिळते; मोटारसायकलीचा भाग दोन दिवसांत पार्सलने येतो. बोटाच्या पेराएवढ्या या पिनेला मात्र संपूर्ण बंदुकीचा कायदा लागू होतो.

व्याख्येचा इतिहास

हे कसे घडले, ते पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १८५७ च्या उठावाचा धसका घेतलेल्या परकीय सत्तेने लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत, १८७८ साली, शस्त्रांचा कायदा केला. एतद्देशीयांना शस्त्र बाळगण्यासाठी परवाना आणि युरोपियनांना मात्र सूट, असा त्याचा अपमानकारक भेदभाव होता. राष्ट्रीय सभेने त्याविरुद्ध वारंवार ठराव केले. त्या कायद्यातील शस्त्राच्या व्याख्येत तोफा-तलवारींबरोबरच शस्त्रांचे भाग आणि शस्त्रे बनविण्याची यंत्रसामग्री यांचाही समावेश होता. ज्या सत्तेला प्रजेवर विश्वास नव्हता, तिने व्याख्या जितकी ताणता येईल तितकी ताणली, यात आश्चर्य नाही.

आश्चर्य पुढेच आहे. स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये नवा शस्त्र अधिनियम केला आणि तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. वंशभेद गेला, हे मोठेच काम झाले. परंतु व्याख्येतील ते शब्द तसेच राहिले. किंबहुना ते अधिक पक्के झाले. अधिनियमाच्या दुसऱ्या कलमात 'शस्त्र' या शब्दात शस्त्रांचे भाग येतात, आणि 'अग्निशस्त्र' या शब्दातही अग्निशस्त्रांचे भाग येतात. कोणते भाग, हे तेथे सांगितलेले नाही. म्हणजे नळी हा जसा भाग, तसाच स्क्रू हाही भाग. आणि कायद्याच्या अक्षरानुसार दोन्ही 'अग्निशस्त्रे'च.

एका ठिकाणी मात्र विधिमंडळाला हा भेद जाणवला होता. अधिनियमाच्या ४५ व्या कलमात 'किरकोळ भाग' असा शब्दप्रयोग आहे. असे किरकोळ भाग जवळ बाळगणाऱ्यास हा अधिनियम लागू होणार नाही, असे ते कलम सांगते. वाचणाऱ्याला क्षणभर हायसे वाटते. पण लगेच पुढे अट येते: ते भाग त्या व्यक्तीजवळच्या किंवा अन्य कोणाजवळच्या पूरक भागांबरोबर वापरण्याचा हेतू नसला पाहिजे. म्हणजे जुन्या बंदुकीची मोडकी पिन आठवण म्हणून कपाटात ठेवणारा मोकळा. आणि तीच पिन आपल्या परवान्याच्या रायफलीत बसवून सराव करू इच्छिणारी मुलगी कायद्याच्या कक्षेत! निरुपयोगी भागाला सवलत आणि उपयोगी भागाला बंधन, अशी ही वाटणी आहे. त्यातही 'किरकोळ' म्हणजे काय, याची व्याख्या अधिनियमात कोठेही नाही. ती ज्याच्या त्याच्या समजुतीवर सोडलेली आहे.

एका पिनेचा प्रवास

दुरुस्तीचा प्रश्न घ्या. पाचव्या कलमानुसार शस्त्रे विकण्याला जसा परवाना लागतो, तसाच ती दुरुस्त करण्यालाही लागतो. हे योग्यच आहे. अचूक रायफलीची दुरुस्ती जाणणारे परवानाधारक कारागीर थोडे आणि तेही मोठ्या शहरांत. मग रायफल किंवा तिचा भाग तेथपर्यंत न्यायचा कसा? तिसऱ्या कलमाने यासाठी एक वाट ठेवली आहे. परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्राने दुसरी व्यक्ती दुरुस्तीसाठी शस्त्र नेऊ शकते. या तरतुदीमागचे चित्र स्पष्ट दिसते: जमीनदाराचा किंवा साहेबाचा नोकर चिठ्ठी घेऊन शहरातल्या दुकानात बंदूक नेत आहे! १९५९ मध्ये ते चित्र खोटे नव्हते. परंतु ज्या मुलीजवळ नोकर नाही, जिचे वडील शाळेत शिकवितात किंवा कचेरीत कारकुनी करतात, तिच्यासाठी ही वाट म्हणजे रजा, रेल्वेचे भाडे आणि एक मुक्काम. पार्सल ही सोय या चित्रात बसत नाही. 'बंदुकीचा भाग' असे शब्द ऐकताच पार्सल घेणारा कारकून हात आखडता घेतो, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा? व्याख्या वाचून तो पार्सलातल्या स्प्रिंगला बंदूकच समजला, तर त्याचे वाचन चुकीचे नाही.

आयातीची वाट याहून बिकट आहे. जागतिक स्पर्धांत दिसणाऱ्या अनेक रायफली जर्मनीतील उल्म शहरातल्या कारखान्यांतून येतात आणि त्यांचे भागही तेथूनच यावे लागतात. दहाव्या कलमाने शस्त्रांच्या आयात-निर्यातीला परवाना आवश्यक केला आहे. आयात धोरणात नामांकित नेमबाज आणि रायफल क्लब यांच्यासाठी क्रीडा खात्याच्या शिफारशीने सवलतीची वाट आहे. पण नवोदिताला क्लबाच्या किंवा दुकानदाराच्या आधारानेच तेथवर पोहोचावे लागते. थोडक्यात, नामांकित होण्यासाठी चांगले साधन हवे, आणि चांगले साधन सहजी मिळण्यासाठी नामांकित असायला हवे!

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातील दोष चटकन ओळखता येईल. वस्तूच्या किमतीखेरीज ती मिळविण्यासाठी जो वेळ, प्रवास, अर्ज, मुद्रांक आणि मनस्ताप खर्ची पडतो, तो व्यवहाराचा खर्च. हा खर्च वस्तूच्या किमतीच्या प्रमाणात नसतो. संपूर्ण रायफल मागवायची असो की तिची स्प्रिंग, अर्ज तेवढेच, हेलपाटे तेवढेच. त्यामुळे लाखो रुपयांच्या वस्तूवर जो भार नगण्य असतो, तोच भार लहानशा वस्तूवर तिच्या किमतीच्या अनेकपट होऊन बसतो. शिवाय हा भार सर्वांवर सारखा पडत नाही. श्रीमंत घरातला नेमबाज दुसरी रायफल जवळ बाळगतो, एखादा मुनीम कचेऱ्यांत धाडतो. गरीब नेमबाज थांबतो. जो कर गरिबांवर अधिक पडतो, त्याला प्रतिगामी कर म्हणतात. हा तसाच, परंतु तिजोरीत एक पैसाही न आणणारा कर आहे.

सुरक्षिततेचा प्रश्न

याला एक गंभीर उत्तर आहे आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. सुटे भाग एकत्र केले की बंदूक होते. म्हणून भागांवर नजर हवी, असे शासन म्हणते. १९९३ मध्ये रायगडच्या किनाऱ्यावर उतरविलेल्या शस्त्रांची आणि स्फोटकांची किंमत मुंबईने कशी मोजली, हे महाराष्ट्राला सांगावे लागत नाही. अमेरिकेचा अनुभवही सावध करणारा आहे. तेथे १९६८ च्या कायद्याने बंदुकीचा मुख्य सांगाडा, म्हणजे ज्यावर नळी व इतर यंत्रणा बसते तो भाग, हाच 'बंदूक' मानला आणि इतर बहुतेक भाग मोकळे सोडले. काही व्यापाऱ्यांनी यातून पळवाट काढली. सांगाडा थोडासा अपुरा ठेवून तो बाकीच्या भागांसह संचाच्या रूपात घरपोच विकण्याचा धंदा सुरू झाला. घरी थोडे काम केले की विनाक्रमांकाची बंदूक तयार! २०२२ मध्ये तेथील सरकारला नियम बदलून असे संचही बंदुकीच्या व्याख्येत आणावे लागले आणि २०२५ च्या मार्चमध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते नियम उचलून धरले. तेव्हा 'भाग मोकळे सोडा' ही घोषणा सोपी असली, तरी शहाणपणाची नाही.

परंतु या उत्तराचा नीट विचार केला, तर त्यातूनच आपल्या नियमांचा दोष उघड होतो. अमेरिकेत घोटाळा झाला तो स्प्रिंगा मोकळ्या सोडल्यामुळे नव्हे, तर मुख्य सांगाड्याची व्याख्या ढिली राहिल्यामुळे. म्हणजे खरी नजर हवी ती महत्त्वाच्या भागांवर. आणि आपल्याकडे बेकायदा शस्त्रे येतात कोठून? बिहारमधील मुंगेर, मध्य प्रदेशाच्या बडवाणी जिल्ह्यातील, जळगावच्या सीमेलगतचे उमरटी, ही नावे पोलिसांच्या तपासात पुनःपुन्हा येतात. पुणे शहरातल्या गुन्ह्यांत सापडलेल्या पिस्तुलांचा माग घेत पुणे पोलिसांनी २०२५ मध्ये उमरटीत जाऊन तेथील भट्ट्यांवर छापा घातला. तेथला कारागीर उल्महून पिन मागवीत नाही. तो पोलादाचा तुकडा घेतो, कानस घेतो, आणि नळीपासून चापापर्यंत सर्व भाग तेथेच घडवितो. त्याला आयातीचा परवाना नको, वाहतुकीचा नको, पार्सलही नको. ज्या चाळणीतून मासे सुटतात आणि फक्त पाणी अडते, अशी चाळणी कोणी मुद्दाम विणली नसती. व्याख्येच्या आळसातून ती आपोआप विणली गेली आहे.

आळसाचा दुसरा परिणाम शिक्षेत दिसतो. २०१९ च्या दुरुस्तीने पाचव्या कलमाचा भंग करून शस्त्रे बनविणे, विकणे वा दुरुस्त करणे यासाठी किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवण्यात आली. उमरटीच्या भट्टीसाठी ती कठोर म्हणता येणार नाही. परंतु गुन्हा जितका गंभीर, तितकी त्याची व्याख्या रेखीव असली पाहिजे, हे न्यायाचे प्राथमिक तत्त्व आहे. व्याख्या सैल आणि शिक्षा कडक, असा संयोग झाला की प्रामाणिक माणूस घाबरतो आणि अधिकारी 'नकोच ती जोखीम' म्हणून फाईल बाजूला ठेवतो. विमानतळावर एखाद्या प्रवाशाच्या पिशवीत विसरलेले एकच काडतूस सापडावे आणि त्याच्यावर शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा नोंदविला जावा, असे प्रकार वारंवार घडले आहेत. दिल्ली उच्च न्यायालयाने असे अनेक गुन्हे रद्द केले. बाळगण्यात जाणीव असली पाहिजे, हे तर सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच स्पष्ट केले होते. न्याय अखेर मिळतो, हे खरे. पण वकिलाची फी देऊन मिळणारा न्याय हा नियमाच्या स्पष्टतेला पर्याय होऊ शकत नाही.

उपाय दूर नाही

ज्या देशाने आपल्याला हा कायदा दिला, त्या देशाने स्वतःची चूक दुरुस्त केली आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ब्रिटनच्या १९६८ च्या कायद्यातही 'घटक भाग' असा मोघम शब्द होता आणि त्याचा अर्थ काय, यावर वाद होत. २०१७ मध्ये तेथील पार्लमेंटने मोजकी यादी करून टाकली: नळी, दारूचा स्फोट जेथे होतो तो कक्ष किंवा फिरते चक्र, मुख्य सांगाडा, आणि स्फोटाचा दाब मागून रोखून धरणारा बोल्ट किंवा तत्सम भाग. ब्रिटनचे बंदूकविषयक कायदे जगातील कडक कायद्यांत मोडतात. या यादीमुळे ते सैल झाले असे कोणी म्हणणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००१ मध्ये स्वीकारलेल्या अग्निशस्त्रविषयक करारातही 'भाग' म्हणजे बंदुकीसाठी खास बनविलेला आणि तिच्या कार्याला अत्यावश्यक असलेला घटक, असे म्हटले आहे. भारताने २०११ मध्ये या कराराला मान्यता दिली आहे. तेव्हा अत्यावश्यक आणि किरकोळ हा भेद आपल्याला परका नाही. बाहेर मान्य केलेली गोष्ट घरच्या अधिनियमात ठसठशीतपणे लिहायची एवढेच राहिले आहे.

यासाठी मोठ्या उलथापालथीची गरज नाही. अधिनियमाच्या ४१ व्या कलमाने अधिसूचना काढून सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिलेला आहे. त्या अधिकारात तीन गोष्टी करता येतील. पहिली, भागांची दोन याद्यांत विभागणी. नळी, मुख्य सांगाडा, बोल्ट, पिस्तुलाचे चक्र आणि आवाज दाबणारी साधने हे अत्यावश्यक. त्यांच्यावर आजच्यापेक्षाही बारीक नजर, क्रमांक आणि नोंद. स्प्रिंग, पिन, स्क्रू, लाकडी वा धातूचा दस्ता, नेम धरण्याची माशी हे किरकोळ. दुसरी गोष्ट, परवानाधारकाला आपल्या परवान्यावरील शस्त्रासाठी किरकोळ भाग परवानाधारक दुकानातून नोंदणीकृत पार्सलने मागविण्याची उघड मुभा. पार्सलावर परवान्याचा विशिष्ट ओळख क्रमांक लिहावा, म्हणजे माग राहील. तिसरी, अत्यावश्यक भागांच्या अर्जांवर निर्णयासाठी मुदत. नकार द्यायचा तर तो कारणासह द्यावा. मौन हे उत्तर होऊ शकत नाही.

अमेरिकेतल्यासारखी पळवाट येथेही निघेल, अशी शंका कोणी घेईल. अत्यावश्यक भागांच्या यादीत अपुरे, परंतु सहज पुरे करता येण्याजोगे भागही घालावेत, म्हणजे ती वाट बंद होईल. मागून येणाऱ्याला पुढच्याची ठेच दिसते, एवढा लाभ तर त्याने घ्यावाच.

सरकारचा हेतू नेमबाजांना अडविण्याचा आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१६ च्या शस्त्र नियमांनी ४.५ मिलिमीटरपर्यंत व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या हवाई बंदुकांना परवान्यातून वगळले, त्यामुळे दहा मीटरच्या नेमबाजीचे दार सामान्य घरांतील मुलांना उघडे राहिले. २०२० च्या अधिसूचनेने खेळाडूंना बाळगता येणाऱ्या शस्त्रांची आणि काडतुसांची मर्यादा वाढविली. म्हणजे धोक्याच्या प्रमाणात नियम हे तत्त्व शासनाला ठाऊक आहे आणि मान्यही आहे. हवाई बंदूक आणि रायफल यांतला भेद जर मोजमाप करून ठरविता येतो, तर नळी आणि स्प्रिंग यांतला भेद ठरविता येऊ नये, असे कोणते कारण आहे? ज्या खेळाडूच्या हाती शासन विश्वासाने रायफल देते, त्याच्या हाती तिची पिन देताना त्याचा हात थबकावा, यात सुरक्षितता नाही. केवळ १८७८ पासून चालत आलेली लेखणीची सवय आहे.

कांबळवाडीच्या तरुणाने पदक आणले तेव्हा त्याच्या चिकाटीचे गोडवे गायिले गेले. ती चिकाटी खरीच होती. परंतु खेळाडूची चिकाटी लक्ष्यावर खर्च व्हावी, कचेरीच्या खिडकीवर नव्हे. आज दुधाळीच्या, बालेवाडीच्या, वरळीच्या केंद्रांवर जी मुले-मुली नेम धरून उभी आहेत, त्यांतील कितींचे साधन एका किरकोळ भागापायी पेटीत बंद होऊन पडते, याची नोंद कोणत्याही खात्यात होत नाही. पदके मोजली जातात; न मिळालेली पदके मोजता येत नाहीत. म्हणूनच त्यांचा विचार नियम करणाऱ्यांनी करावयाचा असतो.